छत्तीसची कंबर

मास्तरांची कंबर छत्तीस इंच होती, आणि गेली बावीस वर्षं ती छत्तीसच होती. यात मिरवण्यासारखं काय, असं एखाद्याला वाटेल. पण शिंप्याच्या दुकानात बसलं की माणसांच्या कंबरा कशा पसरत जातात ते दिसतं. एकोणतीसचा पोरगा लग्न करतो, तेहतीसचा होतो, मुलाला शाळेच्या गणवेशासाठी घेऊन येतो तेव्हा अडतीसचा असतो, आणि म्हणतो, "मास्तर, तुमची टेप आखडली वाटतं." अशा धंद्यात आपली कंबर जागेवर ठेवणं म्हणजे मास्तरांना स्वतःच्या शिस्तीचं प्रमाणपत्र वाटायचं.

म्हणून दुकानात नवी टेप आली किंवा मोठं काम आलं, की मास्तर टेप आधी स्वतःच्या कमरेला लावत. छत्तीसच्या आकड्यावर टोक आलं की "पास" म्हणत आणि टेप गळ्यात घालत.

"समोर लोखंडी पट्टी पडलीय, तिच्याशी जुळवावी माणसानं," गुंडी म्हणायची.

"लोखंड उन्हाळ्यात फुगतं. मी फुगत नाही."

गुंडी म्हणजे मास्तरांच्या बायकोची धाकटी बहीण. चौदा वर्षं ती दुकानात काज-बटणं करत होती. तोंडात सुई धरूनही तिला बोलता यायचं, आणि ती बोलायची. खरं नाव विचारलं तर गिऱ्हाइकांना ते सांगता आलं नसतं. गुंडी लावते म्हणून गुंडी. मापाची वहीही तिच्याकडेच असे. मास्तर मापं पुकारायचे, ती लिहायची. त्या वहीचा एक नियम होता. मोठ्या माणसांची मापं शाईने आणि वाढत्या पोरांची पेन्सिलीने, कारण पोरांची मापं पुढच्या वेळी खोडायची असतात.

मास्तरांचं पान त्या वहीत नव्हतं. छत्तीस हा आकडा लिहून कशाला ठेवायचा?

त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी मास्तरांची पँट खाली सरकायला लागली. उभं राहून कापड बेतताना डाव्या हाताने पँट वर ओढायची आणि उजव्या हाताने कात्री चालवायची, असा नवाच चाळा लागला. मास्तरांनी कापडाला दोष दिला. धुवून धुवून सैल पडलं असणार. एका दुपारी गुंडी डबा खायला बसली असताना त्यांनी पाठ फिरवून, टेबलाआड उभं राहून पँट उतरवली, मागची शिवण अर्धा इंच आत घेतली आणि परत चढवली. महिन्याभरात आणखी एकदा. मग आणखी एकदा.

घरी बायकोच्या हाताला ती शिवण लागली. "अहो, ही मागून तीनदा मारलीय का?"

"कापड चांगलं नाही."

"कापड तुम्हीच आणलं होतं."

"म्हणून तर बोलत नाही मी कुणाला."

बायको हसली आणि तिने विषय सोडला. जेवण तर ते पूर्वीपेक्षा जास्तच जेवत होते. एवढं खाणारा माणूस आजारी असेल असं कुणाच्या डोक्यात येणार? उलट तिला वाटलं, काम फार पडतंय, दमतायत. तिने चहात एक चमचा साखर वाढवली. दुकानात गुंडीने आपल्या मनाने आणखी एक वाढवली. दोघी बहिणींनी एकमेकींना सांगितलं नाही.

दमणं मात्र खरं होतं. सकाळी दुकान उघडतानाच मास्तरांना संध्याकाळ झाल्यासारखं वाटे. घशाला सारखी कोरड. पाण्याची बाटली टेबलाखाली ठेवलेली असायची, ती अकरापर्यंत संपायची, की दुसरी. जीभ टाळूला चिकटायची आणि गिऱ्हाइकाशी बोलताना शब्द अडकायचे. त्यात नजरेनेही दगा द्यायला सुरुवात केली होती. खडूची रेघ दिसायची, पण तिच्या कडा धुरकट. त्यांनी बल्ब बदलला. मोठा लावला. मग बल्बची काच पुसली. मग स्वतःच्या चष्म्याची काच पुसली. शेवटी सुई गुंडीपुढे धरून म्हणाले, "ओव जरा, माझा हात अडकलाय." हात कशातच अडकलेला नव्हता. डाव्या तर्जनीत दीड महिन्यापूर्वी सुई घुसली होती, ती जागा अजून लाल होती आणि दाबली की ठणकायची. एरवी असल्या टोचण्या दोन दिवसांत विसरून जायच्या.

पण मास्तरांना सगळ्यांत जास्त हैराण केलं होतं ते किल्लीने.

दुकान पहिल्या मजल्यावर. एकोणीस पायऱ्या. खाली मागच्या अंगणात तीन दुकानांत मिळून एक संडास, आणि त्याची किल्ली जिन्याखालच्या घड्याळवाल्याकडे. कुणी विसरून खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून ती किल्ली एका मोठ्या लाकडी रिळाला बांधलेली होती. किल्ली मागितली की घड्याळजी डोळ्याला लावलेलं भिंग न काढता ती सरकवून द्यायचे. वीस वर्षं मास्तरांना ती किल्ली दिवसातून तीनदा लागायची. आता त्यांचा दिवस त्या जिन्यावरच चालला होता. पायाला भिंगरी लागल्यासारखे वर-खाली.

"मास्तर, पन्नास मिनिटं," घड्याळजी म्हणाले.

"काय पन्नास?"

"मागच्या फेरीपासून. काल सव्वा तास होता. तुमचं स्प्रिंग ढिलं झालंय, खोलून बघू का?"

"आपली घड्याळं बघा. वरच्या भिंतीवरचं चार मिनिटं मागे पडतं."

"ते मागे पडतं, तुम्ही पुढे जाताय."

मास्तर हसले नाहीत. वर आले, दम लागला होता. खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या पुन्हा उठले, कारण बसवेना. उभंही राहवेना. पायाच्या बोटांना मुंग्या आल्यासारखं होत होतं. गुंडीने दातातली सुई काढली. "भावजी, एका जागी बसाल का? माझी काजं वाकडी होतात तुमच्याकडे बघून."

"मग बघू नकोस."

हे त्यांचं बोलणं नव्हतं. गुंडीने सुई पुन्हा दातांत धरली.

अशातच बंबवाल्यांचं काम आलं. जवळच्या अग्निशमन केंद्राचे गणवेश मास्तरच शिवायचे. अठरा माणसांच्या अठरा पँटी, सोमवारी वरून तपासणी, त्याआधी हव्यात. मापं घ्यायला जाण्यापूर्वी मास्तरांनी रीतीप्रमाणे टेप कमरेला लावली.

चौतीस.

पुन्हा लावली. चौतीस. टेप ताणली, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते काही वेड्यासारखं नव्हतं. टेप जुनी झाली की ताणते, आणि ताणलेली टेप माणसाला बारीक दाखवते, हे कुठल्याही शिंप्याला ठाऊक असतं. त्यांनी नवी टेप आणली. तीही चौतीस. म्हणजे दुकानदाराने माल खराब दिला. आणखी एक टेप आणली, दुसऱ्या दुकानातून. चौतीस. मास्तरांनी तिन्ही टेपा शेजारी शेजारी लोंबवल्या. तिघींचं आपसात बरोबर जुळत होतं. इथे एखाद्याला शंका आली असती. मास्तरांच्या मनात आलं, की सगळे कारखाने एकसारखेच चोर झालेत.

पट्टी समोर पडली होती. तिच्याकडे त्यांचा हात गेला नाही. वेळही नव्हता, आणि घसा कोरडा पडला होता, आणि किल्ली हवी होती.

केंद्रावर ते मापं घेत गेले आणि पुकारताना मनातल्या मनात दोन इंच वाढवत गेले. टेपेवर बत्तीस, तोंडाने चौतीस. टेपेवर तीस, तोंडाने बत्तीस. टेप खोटी आहे हे गुंडीला सांगितलं असतं, तर ती चार लोकांत म्हणाली असती, पट्टीशी जुळवा. म्हणून सांगितलं नाही. ती शाईने लिहीत गेली.

पँटी शिवून केंद्रावर पोचत्या झाल्या, आणि शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला केंद्राचे प्रमुख जिना चढून आले. त्यांना सगळे बंबसाहेब म्हणत. काखेत कपड्यांचं बोचकं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, काल घंटा झाली. नव्या पँटी घालून बघत होती पोरं, तशीच निघाली. शिडीवर आमचा एक गडी एका हाताने शिडी धरतोय, एका हाताने पँट. खालून घरमालकीण म्हणते, आग राहू दे बाळा, आधी तू स्वतःला सांभाळ."

गुंडीला हसू फुटलं. मास्तरांकडे बघताच तिने ते गिळलं.

"आग तशी लहानच होती म्हणून निभावलं," बंबसाहेब म्हणाले. "पण अठराच्या अठरा ढगळ? तुमच्या हातून? सोमवारी सकाळी मला ह्या नीट हव्यात. आणि मास्तर, एक विचारू? तब्येत बरी आहे ना? फार उतरलात."

"काम आहे," मास्तर म्हणाले. "पँटी सोमवारी मिळतील."

बंबसाहेब गेले. मास्तरांनी वरची पँट उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली, खाली ठेवली. खिडकीपाशी गेले, परत आले. त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती आणि ती उच्चारायची भीती वाटत होती. हात गेला. बेतणाऱ्याचा हात एक दिवस जातो, हे त्यांनी आपल्या उस्तादाचं पाहिलं होतं. सत्तरीत त्यांनी एका कोटाला दोन डाव्या बाह्या बेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी कात्री मास्तरांच्या हातात देऊन ते गावी निघून गेले. पण मास्तर तर अजून बावन्नचे होते. कात्री देणार कुणाला? आणि दिल्यावर ह्या दोन हातांचं करायचं काय?

मागे गुंडी वही चाळत होती. पानं उलटताना तिने एकदम थांबून मागचं वर्ष काढलं.

"भावजी, हा उंच ड्रायव्हर. गेल्या वर्षी बत्तीस, यंदा चौतीस. हा मिशीवाला, चौतीस, यंदा छत्तीस. हा तीस, यंदा बत्तीस." तिने बोट फिरवत खालपर्यंत नेलं. "अठरा माणसं एका वर्षात मोजून दोन दोन इंच वाढली? केंद्रावर जेवायला घालतात तरी काय?"

मास्तर पुढ्यातल्या पँटीची घडी घालू लागले.

"तुम्ही वाढवून सांगितलंत?"

"टेपा खोट्या आहेत," मास्तर म्हणाले, आणि मग सगळंच बाहेर आलं. जुनी टेप, नवी टेप, तिसरी टेप, चौतीस. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, आणि शेवटी त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली.

गुंडीने ती उचलली. लोखंडी पट्टी पुढे ओढली. टेप पट्टीवर सरळ ठेवली, अंगठ्याने दाबत दाबत टोकापर्यंत गेली. इंचावर इंच बसला. दुसरी टेप. बसला. तिसरी. बसला. तिने काही टोमणा मारला नाही.

"हात वर करा," ती म्हणाली.

"काय?"

"हात वर करा, भावजी. माप घेते."

इतक्या वर्षांत कुणी मास्तरांना हे वाक्य म्हटलं नव्हतं. त्यांनी हात वर केले. तिने टेप कमरेभोवती फिरवली, पुढे जुळवली, आणि आकड्याकडे बघत राहिली.

"किती?"

"तेहतीस."

मास्तरांच्या मनात आधी काय आलं असेल? हात गेला नाही, हे. टेप बरोबर, हात बरोबर, अठरा पँटी बेतल्या त्या दिलेल्या मापाला तंतोतंत बरोबर. क्षणभर त्यांना अगदी हलकं वाटलं. मग तीन इंच गेले कुठे, हा प्रश्न आला, आणि त्याबरोबर तहान आली, आणि लगेच किल्लीची घाई.

ते जिना उतरायला लागले. गुंडी मागोमाग उतरली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घड्याळजींनी भिंगाआडूनच किल्ली सरकवली. "पंचवीस मिनिटं, मास्तर. आता विक्रम झाला."

"कसली पंचवीस मिनिटं?" गुंडीने विचारलं.

मास्तर तोवर मागच्या दाराने गेले होते. घड्याळजी हसत म्हणाले, "अगं, तुझ्या भावजींच्या फेऱ्या. मी गंमत म्हणून बघतो. सवय आहे मला. आधी सव्वा तास, मग पन्नास, मग..."

"आणि पाणी किती पितात ते बघितलंय का? दोन बाटल्या दुपारपर्यंत. आणि कंबर आत्ता तेहतीस भरली. छत्तीसची तेहतीस. जेवतात दोन माणसांचं."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं. वीस वर्षांत त्यांचा तो डोळा कुणी नीट पाहिला नव्हता. भिंगाची गोल खूण उठली होती.

"नजर?" त्यांनी विचारलं.

"सुई मीच ओवून देते हल्ली."

"जखम वगैरे?"

"बोटाला सुई टोचलीय. दीड महिना झाला."

घड्याळजींनी पुढ्यातलं उघडं घड्याळ वाटीने झाकलं. "माझ्या थोरल्या भावाचं हेच," ते म्हणाले. "हेच सगळं, ह्याच क्रमाने. तो दर तासाला उठायचा आणि आम्ही घरात हसायचो. मीसुद्धा. त्याला टोपणनाव ठेवलं होतं आम्ही. साखर निघाली ती त्याच्या पायाचं बोट काळं पडल्यावर. पाऊल काढावं लागलं." ते थांबले. "आणि मी इथे बसून मिनिटं मोजतोय. मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला."

मास्तर परत आले तेव्हा दोघंही त्यांच्याकडे बघत होते.

"काय झालं?"

"दवाखान्यात चला," घड्याळजी म्हणाले.

"सोमवारनंतर. अठरा पँटी आहेत."

"अठरा पँटी मी उसवते," गुंडी म्हणाली. "दोन दोन इंच आत घ्यायच्यात, त्याला काय मास्तर लागतो? ताईलाही फोन करून बोलावून घेते, ती हातशिलाई करेल."

"तुझ्या ताईला सांगू नकोस. उगीच घाबरेल."

"मग मी सांगते, की भावजींनी सांगू नको सांगितलंय."

मास्तर पायरीवर बसले. उठले. "बंबसाहेबांना शब्द दिलाय मी. आणि मला काही होत नाहीये, नुसती तहान आहे. तहान काय आजार आहे? उन्हाळा आहे."

"मास्तर," घड्याळजी म्हणाले, "माझा भाऊ उन्हाळाच म्हणायचा. हिवाळ्यातसुद्धा." आणि त्यांनी आपल्या दुकानाचं शटर खाली ओढलं. सकाळी अकराला. समोरचा न्हावी बाहेर येऊन बघायला लागला, की कोण गेलं.

दवाखान्यात बाकावर मास्तर चार वेळा उठले. तिथल्या नर्सने उजव्या हाताचं बोट पुसलं आणि म्हणाली, "जरासं टोचेल हं." मास्तरांना हसू आलं. आयुष्यभर बोटं टोचून घेतलेला माणूस. पण त्या लहानशा यंत्रावर आकडा उमटायला जे काही क्षण लागले, तेवढ्यात ते बाकाच्या पार टोकाशी सरकले. आकडा तीनशे ऐंशीच्या वर होता. मास्तरांना त्या आकड्याचा अर्थ कळत नव्हता. घड्याळजींना कळत होता, त्यांनी मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. तहान कधीपासून? तीन-चार महिने. रात्री किती वेळा उठता? मोजलं नाही. वजन? कंबर सांगू शकतो, मास्तर म्हणाले, छत्तीसची तेहतीस. बाईंनी ते लिहून घेतलं. बोट पाहिलं. बूट-मोजे काढायला लावून पावलं पाहिली, बोटांच्या बेचकीत पाहिलं, कशाने तरी टोचून कळतंय का विचारलं.

"चहात साखर?"

"पूर्वी एक चमचा. आता दोन तरी, चवीवरून." मास्तर जरा ओशाळले. "घरच्यांना मी गळाल्यासारखा वाटतो म्हणून."

बाईंचं पेन थांबलं. त्या ओरडल्या नाहीत. "साखर अंगात आहे," त्या म्हणाल्या, "पण ती अंगी लागत नाहीये. रक्तातच फिरते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून तहान, म्हणून वजन जातंय. तुम्ही आणखी घातलीत, ती आणखी वाहून गेली."

त्यांनी पुढच्या तपासण्या लिहिल्या, औषध आजपासून सुरू म्हणून सांगितलं, दोन दिवसांनी पुन्हा यायचं, आणि उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर त्याच क्षणी. मास्तर ऐकत होते, पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांनी तो दाराशी जाऊन, परत फिरून विचारला.

"माझे डोळे गेलेत का?"

"चष्मा बदलला नाहीत ना?"

"बल्ब बदललाय."

"बल्ब राहू द्या. चष्मा इतक्यात बदलू नका. साखर उतरली की काही आठवड्यांत नजर बहुतेक पुन्हा जागेवर येईल. पण डोळ्याचा पडदा आतून तपासून घ्यावा लागेल, आणि त्याचं काय निघेल ते मी आज सांगू शकत नाही."

बहुतेक. हा शब्द मास्तरांनी बरोबर घेतला आणि एकोणीस पायऱ्या चढून दुकानात नेला.

वर बायको आलेली होती. तिच्या मांडीवर बंबवाल्यांची पँट होती आणि ती उसवत होती. तिने मान वर केली नाही. "तीनदा मारलेली शिवण माझ्या हाताला लागली होती," ती म्हणाली. "तीनदा. आणि मी साखर वाढवली."

"मीपण वाढवली होती," गुंडी म्हणाली. "इथे."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मला वाटलंच," मास्तर म्हणाले. "चहा फार छान होत होता."

बायकोला हसू आलं, ते पुरतं आलं नाही. तिने नाक पुसलं आणि शिवण पुढे उसवू लागली.

मास्तरांनी चष्मा पुसला. कात्री उचलली, पात्यांतून रेघेकडे पाहिलं. कडा अजून धुरकटच होत्या. एका दिवसात कसं होईल? पण त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. बोटांनी त्यांनी टेबलावर ताल धरला, मग हात खिशात घातला, मग बाहेर काढला. सोमवारी पँटी. सोमवारीच पुन्हा दवाखाना. मग डोळ्यांचा पडदा. प्रत्येक दिवसाच्या पोटात एक बहुतेक.

"गुंडे," ते म्हणाले, "वही घे. नवं पान काढ."

"कुणाचं?"

"माझं."

गुंडीने वही मांडीवर घेतली. पान काढलं. वर नुसतं "मास्तर" लिहिलं आणि पेन टेकवून थांबली. मास्तरांनी टेबलावरची टेप उचलली, स्वतःच लावायला गेले, आणि मग तिच्याकडे देऊन हात वर केले. तिने पुन्हा मापलं. सकाळचंच भरलं.

"कंबर तेहतीस," ती म्हणाली, आणि पेन कागदावर ठेवलं.

"शाईने नको," मास्तर म्हणाले. "पेन्सिल घे."

ती पेन्सिल शोधायला टेबलाखाली वाकली. तेवढ्यात मास्तरांच्या घशाला पुन्हा कोरड पडली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चार मिनिटं मिळवली, आणि किल्लीसाठी जिना उतरू लागले.